कशावरून?

बेंगळुरूतलं बाबांचं जे. पी. नगरचं घर पुढच्या आठवड्यात पाडायला घेणार आहेत. पलंग गेले, भांडी गेली, देवघरही उचलून माझ्याकडे आणलं. शेवटी बाबांच्या पुस्तकांचं कपाट उरलं होतं, ते आज रिकामं केलं. सगळ्यांत खालच्या खणात, धातुशास्त्राच्या जाड ग्रंथांच्या मागे, निळ्या कापडी बांधणीचं ते पुस्तक सापडलं. मी ते लगेच उघडलं नाही. आधी नाकाशी नेलं. डांबराच्या गोळ्या, जुना कागद आणि त्याखाली अगदी पुसट असा मशीनच्या तेलाचा वास. बाबा जाऊन दोन महिने झालेत. त्यांच्या कपड्यांना आता त्यांचा वास येत नाही. ह्या पुस्तकाला अजून येतो.

विज्ञान कशाला म्हणायचं, याबद्दलचं ते पुस्तक आहे. फार वर्षांपूर्वी युरोपातल्या एका तरुण माणसाने लिहिलेलं. त्यावर जगभर वाद झाले, अजूनही होतात म्हणे. आमच्या घरात वाद झाला नाही. आमच्या घरात ते पाळलं गेलं, दुसऱ्यांकडे उपासतापास पाळतात तसं.

बाबा एका सरकारी प्रयोगशाळेत होते. धातूची सळई यंत्रात अडकवायची आणि तुटेपर्यंत ओढायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की शर्टाला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. त्या पुस्तकातला विचार ते मला सळयांवरूनच समजावायचे. "हजार सळया टिकल्या म्हणून हजार-एकावी टिकेल, असं सिद्ध होत नाही. पण एक तुटली ना, की नियम गेला. एक पुरते." म्हणून कुणीही काही ठामपणे म्हणालं, की बाबा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कशावरून? आणि काय दिसलं तर तू म्हणशील, की मी चुकलो?"

तेव्हा आम्ही येलहंकेला राहायचो. येलहंका तेव्हा शहरात नव्हतं. बेंगळुरूला जायचं म्हणजे गावाला जाऊन आल्यासारखं वाटायचं. सकाळी हवाई दलाची शिकाऊ विमानं डोक्यावरून घरघरत जायची आणि आई तेवढा वेळ बोलणं थांबवून, हातातली पळी तशीच धरून उभी राहायची. दुपारी रेल्वे जंक्शनवरून डबे जोडल्याचे आवाज यायचे. रस्त्याच्या कडेला होंगेची, म्हणजे करंजाची, झाडं होती. चैत्रात त्यांच्या बारीक फुलांचा सडा पडायचा आणि सायकलचं चाक त्यावरून गेलं की चुरचुर आवाज व्हायचा. रविवारी बाबांच्या स्कूटरवरून देवनहळ्ळीला जायचं, तिथल्या एका मळ्यातून चकोत, म्हणजे पपनसं, आणायची. फुटबॉलएवढी ती फळं आई मांडीवर घेऊन बसायची आणि घरी येईपर्यंत तिच्या साडीला त्यांच्या सालीचा कडवट-गोड वास लागलेला असायचा.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतले तिघे मित्र यायचे. मधे टीपॉयवर ते निळं पुस्तक, भोवती स्टीलच्या पेल्यांतली कॉफी. एक पान वाचायला दोन तास. इंग्रजी, कन्नड, मराठी सगळं एकमेकांत कालवलेलं. मला काही कळायचं नाही, पण मोठी माणसं इतक्या आनंदाने एकमेकांना चूक ठरवताना मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाहीत. त्यांतले मूर्तीकाका तर हरले की टाळ्या वाजवायचे.

मलाही तो आनंद एकदा मिळाला. मी तिसरीत होते. रडत घरी आले आणि म्हणाले, "रोहिणी माझ्यावर रागावली आहे. कायमची."

"कशावरून?" बाबा म्हणाले.

"मला माहीत आहे."

"बरं. उद्या काय झालं, तर तू म्हणशील की नाही रागावलेली?"

मी खूप विचार केला. शेवटी म्हणाले, "तिने डब्यातलं चित्रान्न दिलं तर."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी काही मागितलं नाही, नुसती बसून राहिले. रोहिणीने डबा उघडला, लिंबाचा आणि शेंगदाण्याचा वास आला, आणि तिने झाकणावर अर्धा भात काढून माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी मी घरापर्यंत पळत आले. "बाबा, मी चुकले! मी चुकले!" ते मला उचलून घेऊन अंगणभर नाचले. चुकण्यात इतकं सुख असतं, हे मला त्यांनीच दाखवलं. आज मी लोकांनी बनवलेली सॉफ्टवेअर मोडून बघण्याचं काम करते. ती नोकरी मी निवडली नाही, त्या अंगणाने निवडली असं कधीकधी वाटतं.

आईचं मात्र वेगळं होतं. ती इथल्याच, तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेल्या जुन्या मराठी घरातली. बोलण्यात स्वल्प, सरी असे कानडी शब्द सहज यायचे. तिला गोष्टी कळायच्या, पण कशा कळायच्या ते सांगता यायचं नाही. "समोरच्या घरात काहीतरी बिनसलंय," असं ती भाजी चिरता चिरता म्हणायची.

"कशावरून?" बाबा वर्तमानपत्रातून विचारायचे.

"असंच. वाटलं."

"वाटलं हे कारण नव्हे."

सुरुवातीला ती हसायची. पदराने तोंड झाकून हसायची. "तुमच्या मशीनीत घाला मला आणि ओढा," म्हणायची. नंतर हसणं कमी झालं. डोकं दुखतंय म्हणाली, की कशाने, कधीपासून, चहा न घेता बघितलंस का, उन्हात न जाता बघितलंस का. बाबा हे काळजीनेच विचारायचे, हे मी शपथेवर सांगेन. पण आई उत्तर देता देता थकायची आणि "राहिलं आता," म्हणून उठायची. ती हळूहळू बोलायची थांबली. आमच्या तिघांच्या घरात कुकरची शिट्टी, विमानं आणि बाबांचे प्रश्न एवढेच आवाज उरले, आणि मला ते जाणवलंही नाही.

मी बारावीला होते, त्या डिसेंबरातली गोष्ट. अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा हंगाम होता. बेंगळुरूत त्या दिवसांत रस्तोरस्ती हिरव्या शेंगांचे ढीग असतात आणि त्यांचा तो उग्र, तेलकट वास थंडीत सगळीकडे भरून राहतो. आई आणि मी मागच्या ओट्यावर बसून भिजवलेल्या दाण्यांची सालं काढत होतो. दाणा चिमटीत दाबला की टप्पकन बाहेर उडतो. एक दाणा आईच्या हातातून उडून माझ्या गालावर बसला, मी हसले, आणि आई त्याच सुरात म्हणाली, "मला इथे गाठ लागतेय."

तिने पदराखाली छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला होता.

"दुखते?"

"नाही."

"बाबांना सांगितलंस?"

तिने पुढचा दाणा उचलला. "इतक्यात सांगू नकोस. ते विचारत बसतील. कधीपासून, केवढी, आधी होती का. मला काय सांगता येणार? माझी खात्री होऊ दे. मग मीच सांगते."

खात्री झाल्यावर. आमच्या घरात खात्रीशिवाय काही बोलायचं नसतं, हे तिने इतक्या वर्षांत पक्कं शिकून घेतलं होतं.

मी डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. तुझी परीक्षा होऊ दे, म्हणाली. संक्रांतीला तिने तीळगूळही केला आणि इथल्यासारखं तीळ, गूळ, खोबरं मिसळलेलं एळ्ळू-बेल्लही, खोबऱ्याचे बारीक चौकोनी तुकडे स्वतः कापले. फेब्रुवारीत टॅबेबुयाची झाडं गुलाबी फुलली, तेव्हा मी अभ्यास करत होते आणि ती माझ्या शेजारी नुसती बसून असायची. त्या दिवसांत ती माझ्याशी खूप बोलली. तिच्या लहानपणाबद्दल, लग्नाआधी शिकलेल्या वीणेबद्दल, कशाकशाबद्दल. बाबा प्रयोगशाळेत असायचे. मार्चमध्ये परीक्षा झाली. एप्रिलमध्ये अक्कामावशीच्या मुलीचं लग्न निघालं. अक्कामावशी म्हणजे आईची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. मेमध्ये कैऱ्या आल्या. गाठ आता बाहेरून कळायची. आई सैल पोलकी शिवायला लागली होती. बाबांना ते दिसलं नाही. मला दिसत होतं, आणि मी गप्प होते. अठरा पूर्ण होत आलेली, चांगली धडधाकट मुलगी मी, पण तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं नाही. ह्याला मी पुढे पुष्कळ कारणं शोधली. एकही टिकलं नाही.

जूनमध्ये तिला श्वास लागायला लागला, तेव्हा बाबांनीच रिक्षा बोलावली. दवाखान्यात फिनाइलचा वास होता आणि खिडकीबाहेर पावसाळी उजेड. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "हे कधीपासून आहे?"

आईने बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "महिना झाला असेल."

डॉक्टर म्हणाले, महिन्याभराचं वाटत नाही. बाबा लगेच म्हणाले, "काही प्रकार झपाट्याने वाढतात ना?" डॉक्टरांनी खांदे उडवले. हजार सळया तोडलेल्या माणसाच्या हातात तिथे एक तुटलेली सळई दिली होती, आणि त्याने ती बाजूला ठेवून दिली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई गेली.

तेराव्याला माणसं जेवून उठत होती, केळीच्या पानांचा आणि उदबत्तीचा वास घरात कोंडला होता. अक्कामावशी पडवीत उभी राहून बाबांना म्हणाली, "माधवराव, तुमच्या प्रश्नांच्या भीतीने माझी बहीण बोलली नाही. तिला आधीच कळलं होतं."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. "कशावरून?"

त्यांनी हा शब्द त्या दिवशीही उच्चारला, यावर माझा विश्वास बसेना. अक्कामावशी चपला न घालताच पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर बावीस वर्षं ती आणि बाबा एकमेकांशी बोलले नाहीत.

वर्षभरात बाबांनी येलहंका सोडलं आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इथे जे. पी. नगरला घर केलं. शनिवारची मंडळी थोडे दिवस आली, मग थांबली. बाबांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही, पण त्यात आता दम नव्हता. एक गोष्ट मात्र ते येईल त्याला सांगायचे. "तिला स्वतःलाच कळलं नव्हतं हो. कळलं असतं, तर तिने मला पहिल्यांदा सांगितलं असतं." शेजाऱ्यांना सांगायचे, वाण्याला सांगायचे, माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत सांगितलं. ह्या एका वाक्यावर ते उभे होते. ते वाक्य पाडणारी गोष्ट फक्त माझ्याकडे होती. एक पुरते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी दर रविवारी त्यांच्यासमोर बसून जेवायचे आणि ती गिळून घरी यायचे.

गेल्या जानेवारीत त्यांचं स्वतःचं दुखणं कळलं. फुप्फुसाचं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, तो ठेवू नका असं बाबांनीच बजावलं होतं. त्यानंतर एका दुपारी मी त्यांच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. ते खुर्चीत बसून मला टॉवेलांच्या घड्या करून देत होते. कडा जुळल्याशिवाय घडी खाली ठेवायचे नाहीत.

"एक काम राहिलंय," ते म्हणाले. "आयुष्यभर सगळ्यांची विधानं तपासली. माझं एक कधी तपासलं नाही. तिला कळलं नव्हतं, हे. तू घरात होतीस. तुला काही दिसलं होतं का?"

माझ्या हातात त्यांचा सदरा होता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. ते सुखाने गेले असते. कुणी म्हणेल, म्हणायलाच हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा खरोखरच काहीतरी विचारलं होतं.

"तिला डिसेंबरात कळलं होतं," मी म्हणाले. "मला सांगितलं होतं."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. अंगठा एकेका पेरावर टेकवत. जुलैपर्यंत आले आणि अंगठा तिथेच राहिला.

"मला का नाही?"

"तुम्ही विचारत बसाल, म्हणाली. खात्री झाल्यावर सांगणार होती."

खाली रस्त्यावर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. बाबांनी मांडीवरचा टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. पुन्हा उलगडला. "बरं," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मीही तिथेच थांबले, पण खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं होतं.

सकाळी पाहते तर इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून बसलेले. "येलहंकेला जायचंय. अक्कांकडे."

अक्कामावशीचं घर अजून तिथेच आहे, दोन्ही बाजूंच्या चार मजली इमारतींत दबलेलं. तिने दार उघडलं आणि बाबांना ओळखायला तिला वेळ लागला. तिची पाठ वाकलेली, ते निम्मे झालेले. दोन म्हातारी माणसं उंबऱ्याच्या दोन बाजूंना.

"अक्का, तुमचं बरोबर होतं," बाबा उभ्याउभ्याच म्हणाले. "तिला कळलं होतं. माझ्या भीतीने ती बोलली नाही. मी चुकलो."

मावशीने आधी त्यांना हाताला धरून आत बसवलं. पाणी दिलं. मग स्वतः समोरच्या बाजेवर बसली आणि पुष्कळ वेळ पदराचं टोक चाचपत राहिली.

"माधवराव, मला काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "सिट्टाने बोलले मी. राग आला होता, तुमच्याशिवाय कुणावर काढणार? तुम्ही 'कशावरून?' असं विचारलंत, तेव्हा माझ्याकडे उत्तरच नव्हतं. म्हणून तर उठून गेले. नंतर वाटलं, उगीच पापी शब्द बोलले. यायची लाज वाटली."

"पण खरं होतं ते."

"असेल. मला ठाऊक नव्हतं."

मावशीने कॉफी केली. बाबा अर्धा पेला प्यायले. निघताना तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा, आणि त्यांनी फिरवू दिला.

आता हे पुस्तक मांडीवर घेऊन मी रिकाम्या खोलीत बसले आहे. पहिल्यांदाच सलग पानं वाचली. लेखकाचं म्हणणं तसं साधं आहे. आपल्याला जो विचार सगळ्यांत आवडतो, त्यालाच सगळ्यांत कठोरपणे तपासावं. आपल्याला, आपला. दुसऱ्याला उभं करून उलटतपासणी घ्या, असं मला तरी कुठे सापडलं नाही. बाबांनी त्या ओळींखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारली आहे. म्हणजे त्यांनी ते वाचलं होतं. वाचून, पटूनही माणसाचं असं होऊ शकतं. मी त्यांना दोष देते का, हे मला सांगता येत नाही. मी दार उघडून ठेवलं आहे, तरी खोलीतून पुस्तकाचा वास जात नाही.

त्या दिवशी परतताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. अचानक म्हणाले, "त्या सात महिन्यांत ती तुझ्याशी काय काय बोलली? आजारपणाचं नको. बाकीचं. सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मी सांगायला लागले. डिसेंबरपासून. तिला वीणेचा पहिला धडा कुणी दिला आणि तारेने बोट कसं कापलं. लग्नानंतर पहिल्यांदा विमान इतक्या खालून गेलं, तेव्हा ती घाबरून कोठीच्या खोलीत लपली होती आणि बाबांना कधी सांगितलं नाही. शनिवारी दाराआडून ती त्यांचं वाचन ऐकायची. मूर्तीकाकांचं म्हणणं तिला बाबांपेक्षा जास्त पटायचं. बाबांच्या गळ्यातून हसल्यासारखा आवाज आला, पण ते बोलले नाहीत. तिला समुद्र बघायचा होता. तिला समोरच्या घरातलं भांडण सहा महिने आधी कळलं होतं. मी एकेक आठवून सांगत होते आणि ते खिडकीच्या काचेला डोकं टेकवून ऐकत होते. मेखरी सर्कल गेलं, लालबाग गेली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, तसंच वाहू दिलं.

घरापाशी गाडी थांबली, तेव्हा मी मेपर्यंत पोचले होते. ड्रायव्हरने मागे वळून, उतरताय का म्हणून विचारलं, "इळीतीरा सार?"

"स्वल्प इरप्पा," बाबा म्हणाले. म्हणजे, जरा थांब. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढे?"

पुढे जून होता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगत राहिले.